१३७ म्हणजे मेमरीच, असं नाही

प्रश्न: मी कोल्हापुरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. पतसंस्थांच्या काउंटरसाठी आणि पिग्मी एजंटांच्या मोबाइल ॲपसाठी लागणारी आमची स्प्रिंग बूट (जावातली) सर्व्हिस कुबरनेटीज या कंटेनर सांभाळणाऱ्या प्रणालीच्या तीन नोडच्या, म्हणजे तीन मशीनच्या, क्लस्टरवर चालते. तिचे तीन पॉड, म्हणजे चालू प्रती, आहेत, डेटाबेस पोस्टग्रेस. सकाळी दहाला काउंटर उघडले की अर्ध्या तासात पॉड एकेक करून रीस्टार्ट होतात आणि एक्झिट कोड दरवेळी १३७ दिसतो. नवीन व्हर्जन टाकलं की बऱ्याचदा क्रॅशलूपबॅकऑफ (पॉड पुन्हापुन्हा पडण्याची अवस्था) येतो. लॉग पाहावा तर त्यात फक्त नव्याने सुरू झाल्याच्या ओळी. सीनियर म्हणतात, "पॉड डिलीट कर, सुटेल." मेमरीची लिमिट ५१२ एमआयवरून १ जीआय (१०२४ एमआय) केली, जावाचा हीपही (डेटा ठेवायची मेमरी) १ जीबी केला, तरी तेच. आता २ जीआय करा म्हणतायत. सोबत यॅमल (सेटिंगची) फाइल जोडली आहे. सुरुवात कुठून करू?
एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: यॅमल जोडलीत ते फार बरं केलंत. ती वाचल्यावर आमचं मत असं की तुमच्याकडे एक नाही, तीन बिघाड आहेत आणि तिन्ही रीस्टार्ट या एकाच लक्षणामागे दडलेत. कंटेनर (पॉडच्या आत प्रोग्राम ज्यात चालतो तो) बंद पाडणारे तिघं असतात: मेमरीची हद्द ओलांडली म्हणून लिनक्सचा कर्नल, प्रोबला, म्हणजे ठरावीक वेळाने होणाऱ्या तब्येतीच्या चौकशीला, उत्तर आलं नाही म्हणून त्या नोडवरचा कुबलेट (पॉड चालवणारा कुबरनेटीजचा प्रोग्राम), नाहीतर तुमचा प्रोग्राम स्वतःच. मेमरी वाढवून यातला फक्त पहिला थांबतो. त्यामुळे २ जीआयचा बदल तूर्त बाजूला ठेवा आणि दर रीस्टार्टला नेमकं कोणी बंद पाडलं ते लिहून काढा.

त्यासाठी पॉड डिलीट करणं आधी थांबायला हवं. कंटेनर पडून त्याच पॉडमध्ये पुन्हा उभा राहतो, तेव्हा आधीच्या खेपेचा लॉग आणि ती का संपली याची नोंद नोडवर शिल्लक असते. पण ती एकाच खेपेची असते. दुसऱ्यांदा पडला की पहिलीचं काही उरत नाही, आणि पॉड डिलीट केला की दोन्हींचं नाही. इव्हेंट, म्हणजे कुबरनेटीजने नोंदवलेल्या घडामोडी, तर मूळ सेटिंगमध्ये एक तासच टिकतात. सकाळी सव्वादहाला काय घडलं ते जेवण झाल्यावर पाहायला गेलात तर हाती काही लागणार नाही. सीनियरांना एवढंच सांगा की दोन मिनिटं थांबा, नोंदी उतरवून घेते, मग हवं ते करू. याला कोणी नाही म्हणत नाही.

त्या दोन मिनिटांत हे करा. "कुबसीटीएल गेट पॉड्स" ला "डॅश ओ वाइड" जोडून चालवा. रीस्टार्टच्या रकान्यात आकड्याशेजारी किती वेळापूर्वी तेही येतं आणि पॉड कुठल्या नोडवर आहे तेही. तिन्ही पॉड पडत असतील तर दोष सर्व्हिसचा किंवा तिच्या मागच्या डेटाबेसचा. एकाच नोडवरचे पडत असतील तर त्या नोडकडे आणि तिथल्या शेजारी पॉडकडे पाहा. मग "कुबसीटीएल डिस्क्राइब पॉड" आणि पुढे पॉडचं नाव. हे सगळं फाइलमध्ये साठवा. शेवटी "कुबसीटीएल लॉग्ज", पॉडचं नाव आणि "डॅश डॅश प्रीव्हियस". तुम्हाला नव्याच ओळी दिसत होत्या, कारण हा शेवटचा शब्द दिला नाही की चालू खेपेचा लॉग येतो. त्यातही जुनं काही नसेल तर ॲप्लिकेशन लॉग कंटेनरमधल्या फाइलमध्ये लिहितंय का ते बघा. कंटेनर नव्याने उभा राहिला की ती फाइल जाते. लॉग स्टँडर्ड आउटपुटवरच टाका.

वेळा जुळवताना एक काळजी घ्या. कंटेनरमधलं घड्याळ बहुधा यूटीसी असतं. आपले सकाळचे दहा तिथे ०४:३० दिसतात. यॅमलच्या आउटपुटमध्ये ज्या वेळेच्या शेवटी झेड आहे तीही यूटीसीच. पोस्टग्रेसचा लॉग आपल्या वेळेत आणि ॲप्लिकेशनचा यूटीसीत असेल, तर साडेपाच तासांच्या फरकामुळे माणसं भलत्याच ओळी वाचत बसतात.

आता डिस्क्राइबच्या आउटपुटमधला "लास्ट स्टेट" हा भाग उघडा. तिथे कारण, एक्झिट कोड, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ अशा चार गोष्टी असतात. तुम्ही आत्तापर्यंत फक्त कोड पाहिलात, आणि तुमच्याकडे फसवतोय तोच. १३७ म्हणजे १२८ अधिक ९. नऊ नंबरचा सिग्नल देऊन प्रोसेस जबरदस्तीने बंद केली, एवढंच तो सांगतो. सिग्नल कोणी दिला ते कारणाच्या ओळीत असतं. तिथे "ओओएमकिल्ड" असेल तर कर्नलने मेमरीपायी मारलं. नुसतं "एरर" असेल तर मेमरीचा संबंध बहुधा नाही, खाली इव्हेंटमध्ये लाइव्हनेस प्रोबची (प्रोसेस जिवंत आहे का विचारणाऱ्या) ओळ शोधा.

प्रोबमुळे बंद होताना १३७ का यावा? खरं तर १४३ यायला हवा. कुबलेट आधी सभ्यपणे पंधरा नंबरचा सिग्नल देतो, ३० सेकंद वाट पाहतो आणि मग नऊ नंबरचा देतो. जावाला पंधरा नंबरचा मिळाला तर ती कामं आवरून बंद होते आणि कोड १४३ येतो. पण तुमच्या यॅमलमध्ये कंटेनर एका शेल स्क्रिप्टने सुरू होतो आणि जावा तिच्या पोटात चालते. पहिल्या क्रमांकाची प्रोसेस शेल आहे. तो सिग्नल शेलपाशीच अडतो, जावापर्यंत जात नाही. पूर्ण ३० सेकंद वाया जातात आणि मग सगळंच एकदम मारलं जातं. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत "जावा" च्या आधी "एक्झेक" हा शब्द घाला. मग शेलची जागा जावा घेते. या एका शब्दाने दोन्ही कारणं वेगळी दिसायला लागतील: मेमरीला १३७, प्रोबला १४३. शिवाय एजंटाची पावती सेव्ह होत असताना मध्येच तुटण्याचं प्रमाण कमी होईल, आणि पतसंस्थेच्या दृष्टीने तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. स्प्रिंग बूटचं ग्रेसफुल शटडाउन (हातची कामं संपवून बंद होणं) चालू असेल तर तेही मूळ सेटिंगमध्ये ३० सेकंदच थांबतं. म्हणून पॉडची मुदत, म्हणजे टर्मिनेशन ग्रेस पीरियड, ३० वरून ४५ सेकंद करा. दोन्ही मुदती एकाच क्षणी संपल्या तर आवरायला वेळ उरत नाही.

तुमचे काही रीस्टार्ट मेमरीचे असणार याबद्दल आम्हाला शंका नाही, कारण हीप १ जीबी आणि लिमिट १ जीआय. म्हणजे दोन्ही आकडे तंतोतंत सारखे. जावाला हीपशिवाय मेटास्पेस लागते, कंपाइल केलेल्या कोडची जागा लागते, प्रत्येक थ्रेडचा स्टॅक, नेटवर्कचे डायरेक्ट बफर, गार्बेज कलेक्टरची स्वतःची सामग्री, हे सगळं लागतं. तुमच्यासारख्या मध्यम सर्व्हिसला हीपबाहेर ३०० ते ४०० एमबी सहज लागतात. ५१२ ला जेवढी मोकळी जागा होती तेवढीच १ जीआयला आहे: शून्य. २ जीआय करून हीप २ जीबी केलात तरी शून्यच राहील. लिमिट १ जीआयच ठेवा, हीपचा स्थिर आकडा काढून टाका आणि जावाला "मॅक्सरॅमपर्सेंटेज" ६० द्या. हीप साधारण ६१४ एमबी होईल. दोन्ही एकत्र ठेवू नका, ठेवलेत तर स्थिर आकडाच लागू होतो. काहीच दिलं नाही तर जावा लिमिटच्या फक्त २५ टक्के हीप घेते, १ जीआयला २५६ एमबी, आणि तेवढ्यात तुमची सर्व्हिस गुदमरेल.

हे ६० टक्के म्हणजे सुरुवातीचा आकडा. तो पक्का करायचा तर एका पॉडवर "नेटिव्हमेमरीट्रॅकिंग" समरीवर ठेवून जेसीएमडी या जावाच्या कमांडने मेमरीचा हिशेब पाहा. वेग ५ ते १० टक्के कमी होतो म्हणून एक-दोन दिवसच चालू ठेवा. कंटेनरच्या इमेजमध्ये नुसतं जेआरई असेल तर जेसीएमडी सापडणार नाही, जेडीकेची इमेज लागेल. "एक्झिट ऑन आउट ऑफ मेमरी एरर" हा पर्यायही चालू करा. हीप आतून भरला तर अर्धमेली प्रोसेस तशीच रेंगाळण्याऐवजी कोड ३ देऊन बंद होते, आणि कर्नलने मारलं की हीप भरला हा फरक लगेच कळतो. हीप डंप (हीपची पूर्ण नक्कल) हवा असेल तर त्याचा मार्ग एम्प्टीडिर व्हॉल्यूममध्ये (पॉडच्या तात्पुरत्या साठ्यात) द्या. कंटेनर पडला तरी तो टिकतो, पॉड डिलीट केला तर नाही. कर्नलने मारलं तर मात्र डंप निघतच नाही, तो शोधत बसू नका. एककांबद्दलही एक गोष्ट ध्यानात असू द्या. जावाच्या पर्यायात लहान एम म्हणजे मेगाबाइट, पण यॅमलच्या मेमरीत लहान एम म्हणजे सहस्रांश. तिथे "५१२एम" लहान एमने लिहिलं तर कुबरनेटीज ते अर्धा बाइट समजतं आणि कंटेनर उभाच राहत नाही.

दहाच्या रीस्टार्टचं मूळ मात्र आम्हाला दुसरीकडे दिसतं. तुमच्या लाइव्हनेस प्रोबचा पत्ता स्प्रिंग बूटच्या "ॲक्च्युएटर" खालचा साधा "हेल्थ" आहे. हा पत्ता डेटाबेसलाही विचारून उत्तर देतो. प्रोबचे आकडे तुम्ही दिलेले नाहीत, म्हणजे मूळचे लागू आहेत: दर १० सेकंदांनी एकदा, उत्तराला फक्त १ सेकंद, तीन वेळा चुकला की रीस्टार्ट. आता दहा वाजता काय होतं ते पाहा. काउंटर आणि एजंट एकदम आत येतात. हिकारीच्या पूलमध्ये (डेटाबेसची कनेक्शन वाटून देणाऱ्या साठ्यात) मूळची १० कनेक्शन असतात, ती सगळी गुंततात. हेल्थची विनंतीही कनेक्शनसाठी रांगेत उभी राहते, आणि पूल तिला ३० सेकंदांपर्यंत ताटकळत ठेवतो. प्रोबचा धीर मात्र १ सेकंदाचा. अर्ध्या मिनिटात तीन प्रोब चुकतात आणि कुबलेट एक धडधाकट पॉड बंद करतो. त्याचं काम उरलेल्या दोघांवर पडतं. पतसंस्थेच्या तीन काउंटरपैकी एक ऐन गर्दीत बंद केलं की रांग उरलेल्या दोहोंकडे वळते, तसंच. मग ते दोघंही प्रोब चुकवतात. पॉड एकाच वेळी न पडता एकेक करून पडतात असं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण हेच.

याची खात्री इव्हेंटमधल्या संदेशावरून होते. "कॉन्टेक्स्ट डेडलाइन एक्सीडेड" म्हणजे पोर्ट उघडं होतं, पण १ सेकंदात उत्तर आलं नाही. तुमच्याकडे दहा वाजता हाच दिसायला हवा. "कनेक्शन रिफ्यूज्ड" म्हणजे ॲप्लिकेशनने पोर्ट अजून उघडलेलंच नाही. हा डिप्लॉयच्या, म्हणजे नवं व्हर्जन टाकण्याच्या, वेळी दिसेल. "स्टेटस कोड ५०३" म्हणजे उत्तर वेळेत आलं, पण हेल्थच आजारी म्हणतंय, बहुधा डेटाबेस गाठता आला नाही. आधीच्या खेपेच्या लॉगमध्ये हिकारीचं वाक्यही शोधा: "कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल, रिक्वेस्ट टाइम्ड आउट आफ्टर ३००००एमएस". ते सापडलं तर वरचा तर्क पक्का धरा.

लाइव्हनेसचं काम एकाच प्रश्नापुरतं आहे: ही प्रोसेस इतकी अडकली आहे का, की बंद करून चालू केल्याशिवाय सुटणार नाही? डेटाबेस मंद असताना जावा रीस्टार्ट करून डेटाबेस वेगवान होत नाही. स्प्रिंग बूट २.३ पासून हेल्थच्या खाली "लाइव्हनेस" आणि "रेडिनेस" असे दोन वेगळे पत्ते मिळतात, आणि मूळ सेटिंगमध्ये त्या दोन्हींत डेटाबेस धरलेला नाही. लाइव्हनेस प्रोब पहिल्यावर न्या, रेडिनेस दुसऱ्यावर. लाइव्हनेसला उत्तराची मुदत ३ सेकंद आणि चुकण्याची मर्यादा ६ ठेवा. रेडिनेस चुकला तर कंटेनर मरत नाही, विनंत्या वाटून देणाऱ्या कुबरनेटीजच्या सर्व्हिसच्या यादीतून तेवढा पॉड काढला जातो आणि सावरला की परत घेतला जातो. रेडिनेसमध्ये डेटाबेस घालावा असं कोणी सुचवेल. आमचा सल्ला नको असा आहे. तिन्ही पॉडचा डेटाबेस एकच आहे, तो मंदावला की तिन्ही एकाच क्षणी यादीतून बाहेर जातील आणि काउंटरवर सरसकट ५०३ येईल.

पत्ता बदलून भागणार नाही, कारण प्रोबही त्याच टॉमकॅटच्या (सर्व्हिसमधल्या वेब सर्व्हरच्या) थ्रेडवर चालतो. टॉमकॅटचे मूळचे २०० थ्रेड. दोनशेही कनेक्शनची ३० सेकंद वाट पाहत बसले तर नव्या पत्त्यालाही उत्तर द्यायला थ्रेड उरणार नाही. म्हणून हिकारीची कनेक्शन टाइमआउट ३० वरून ५ सेकंदांवर आणा. काही विनंत्या लवकर नापास होतील हे खरं, पण क्लार्कला ५ सेकंदांत "पुन्हा प्रयत्न करा" दिसणं हे अर्धा मिनिट गोल फिरणारं चक्र पाहण्यापेक्षा बरं. आणि पूल १० चा ३० करण्याच्या मोहात पडू नका. तीन पॉडच्या डिप्लॉयमेंटमध्ये नवं व्हर्जन टाकताना मूळ सेटिंगनुसार एक जादा पॉड उभा राहतो. चार गुणिले तीस म्हणजे १२०, आणि पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शनची. चौथ्याला पुरेशी कनेक्शन मिळणार नाहीत, आणि त्याच पोस्टग्रेसवर आणखी कोणी असेल तर तो सुरू होतानाच कोसळू शकतो.

डिप्लॉयच्या वेळचा क्रॅशलूपबॅकऑफ तपासतानाही आधी हाच गुणाकार करून पाहा. पूल १० चाच असेल तर ४० भरतात, पण रिपोर्टिंग, बॅकअप, दुसरी एखादी सर्व्हिस त्याच पोस्टग्रेसवर आहे का ते विचारा. क्रॅशलूपबॅकऑफ हा स्वतः बिघाड नव्हे, तो दोन प्रयत्नांमधला थांबा आहे: १० सेकंद, मग २०, ४०, ८०, १६० आणि पुढे दरवेळी ५ मिनिटं. कंटेनर सलग १० मिनिटं नीट चालला की मोजणी पहिल्यापासून. कनेक्शनच संपली असतील तर आधीच्या लॉगच्या शेवटी "टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी" आणि कोड १ दिसेल. कोड १२७ दिसला तर इमेजमध्ये ती कमांडच नाही, १२६ म्हणजे फाइल आहे पण चालवायची परवानगी नाही.

पण तुमच्या यॅमलमध्ये सीपीयूची लिमिट ५०० एम आहे, म्हणजे अर्धा कोर, आणि त्यावरच आमचा जास्त संशय आहे. लिनक्स ही लिमिट १०० मिलिसेकंदांच्या खिडक्यांत मोजतो. दर खिडकीत ५० मिलिसेकंद वापरून झाले की पुढच्या खिडकीपर्यंत प्रोसेस गोठलेली. स्प्रिंग बूटला सर्वांत जास्त सीपीयू सुरू होतानाच लागतो. लॅपटॉपवर २० सेकंदांत उठणारी सर्व्हिस इथे दीड-दोन मिनिटं घेऊ शकते. तोवर लाइव्हनेस तीनदा चुकतो, "कनेक्शन रिफ्यूज्ड" येतो आणि ती उठण्याआधीच मारली जाते. पुन्हा सुरू, पुन्हा तेच. "कुबसीटीएल एक्झेक" ने पॉडमध्ये जाऊन सीग्रुपच्या (लिनक्स जिथे या लिमिटचा हिशेब ठेवतो त्या) फोल्डरमधली "सीपीयू डॉट स्टॅट" ही फाइल वाचा. त्यात एकूण खिडक्या आणि गोठलेल्या खिडक्या असे दोन आकडे असतात. सुरू होतानाच्या काळात निम्म्याहून जास्त खिडक्या गोठलेल्या दिसल्या तर कारण सापडलं.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. एक, स्टार्टअप प्रोब घाला: दर १० सेकंदांनी, चुकण्याची मर्यादा ३०. म्हणजे उठायला ३०० सेकंद मिळतात आणि तो पास होईपर्यंत लाइव्हनेस सुरूच होत नाही. इनिशियल डिलेचा मोठा आकडा टाकून हेच साधता येतं, पण मग लवकर उठलेला पॉडही तेवढा वेळ लाइव्हनेसविना राहतो. दोन, सीपीयूची रिक्वेस्ट ५०० एम ठेवून लिमिट २ कोर करा. रिक्वेस्ट तीच राहिल्याने जागेचं आरक्षण बदलत नाही, फक्त नोड मोकळा असताना उठायला जोर मिळतो. क्लस्टरवर दुसऱ्या टीमही असतील तर त्यांना आधी सांगा.

हे सगळे बदल एकाच दिवशी टाकू नका. आधी "एक्झेक" आणि मेमरीची टक्केवारी, मग एक कामाचा दिवस जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी प्रोब आणि हिकारी, तिसऱ्या दिवशी सीपीयू. बदल संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर टाका आणि बिनसलं तर "कुबसीटीएल रोलआउट अन्डू डिप्लॉयमेंट" हाताशी ठेवा. एखादा पॉड बिघडलेल्या अवस्थेत सापडला आणि तपासायचा असेल, तर कुबरनेटीजची सर्व्हिस ज्या लेबलने पॉड ओळखते ते त्याच्यावर "कुबसीटीएल लेबल" ने बदला, "डॅश डॅश ओव्हरराइट" लावून. सर्व्हिस त्याच्याकडे विनंत्या पाठवणं थांबवते, रेप्लिकासेट (पॉडची ठरलेली संख्या राखणारा भाग) बदली पॉड उभा करतो आणि हा तुमच्यासाठी बाजूला राहतो. तो नोडवरची जागा आणि डेटाबेसची १० कनेक्शन धरून असतो, म्हणून काम झाल्यावर डिलीट करा. तेव्हा, किंवा बाहेरचा बिघाड दुरुस्त झाला असून पॉड ५ मिनिटांच्या थांब्यात अडकला असेल तेव्हा, डिलीट करण्यात काहीच गैर नाही.

यानंतर रीस्टार्ट थांबतील, पण दहा वाजता सर्व्हिस मंद राहिली तर पुढचा प्रश्न डेटाबेसचा आहे. दहा ते साडेदहा दर मिनिटाला पोस्टग्रेसची "पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी" पाहा. "आयडल इन ट्रान्झॅक्शन" अशा ओळी साचत असतील तर तुमच्याच कोडमध्ये कुठेतरी ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून बाहेरच्या सेवेची, बहुधा एसएमएसची, वाट पाहिली जातेय. हिकारीचा लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड २० सेकंदांवर ठेवलात तर त्याहून जास्त वेळ कनेक्शन धरून बसलेल्या मेथडचा पूर्ण स्टॅक लॉगमध्ये येईल. तो मिळाला की आम्हाला परत लिहा, सोबत त्या मेथडचा कोड पाठवा.